ग्वानाहुआतो: डोंगरातल्या रंगीत शहरात जीव गुंतला, त्याबद्दल

पायवाट (नागपूर)

मेक्सिकोच्या मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर, एका अरुंद घळीत ग्वानाहुआतो हे शहर आहे. घळीच्या दोन्ही अंगांना डोंगर चढत जातो आणि त्या चढावर घरं: हळदी पिवळी, गेरूच्या रंगाची, जांभळी, मोरपंखी, डाळिंबी. बांगड्यांच्या दुकानात भिंतभर चुडे लावलेले असतात तशी एकमेकांना खेटून. फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मीही फोटो पाहूनच गेले. पण तिथे गेल्यावर ज्या गोष्टीत जीव अडकला ती फोटोत दिसत नाही, म्हणून हा धागा.

आमचा भाचा लेओनला नोकरीला आहे. बुटांच्या आणि चामड्याच्या धंद्याचं मोठं शहर, तिथून ग्वानाहुआतो बसने तासाभरावर. २०२३ साली दसऱ्याचं तोरण दाराला बांधलं आणि मी आणि हे निघालो; दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरात बरीच उशिरा होती म्हणून जमलं. त्याच सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी नागपुरात शिरलं होतं. आम्ही निघालो तेव्हा आमच्या गल्लीत तळमजल्यावरच्या लोकांच्या गाद्या आणि पुस्तकं गच्च्यांवर वाळत होती. हे मुद्दाम सांगते, पुढे त्याचा संबंध आहे.

ग्वानाहुआतोत गाडी शिरते ती डोंगराच्या पोटातून. एका बोगद्यातून दुसरा बोगदा फुटतो. आत दगडी कमानी आहेत, बसथांबे आहेत, रस्ते एकमेकांना मिळतात. मधेच वरून उजेड येतो, तिथे जिना असतो. जिना चढून वर आलं की समोर चौक, कारंजं, कातरून सपाट केलेली वड-नांद्रुकाच्या जातीची झाडं, आणि बाकांवर निवांत बसलेली माणसं. हॉर्नचा आवाज कुठेच नाही. मी तिथे उभी राहिले ती राहिलेच. ह्यांनी दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकू आली नाही.

हे बोगदे मुळात वाहतुकीसाठी खणलेले नाहीत. शहराच्या मधून नदी वाहायची आणि ती वारंवार शहर बुडवायची. अठराव्या शतकातल्या पुरांनंतर लोकांनी जमिनीची पातळीच वर उचलली. सान दिएगोच्या मठाचा जुना भाग त्यात गाडला गेला. आज चौकाखाली उतरून तो बघता येतो. तरी १ जुलै १९०५ ला पुन्हा मोठा पूर आला. मग नदीचं पाणी वळवायला डोंगरातून वेगळा बोगदा काढला, जुनं पात्र मोकळं झालं आणि १९६० च्या दशकात त्या पात्रातून रस्ता नेला. आज त्या रस्त्यावरून पायी जाता येतं. डोक्यावर जुन्या घरांचे पाये, पुढे आलेले सज्जे, त्यांना पेलणाऱ्या कमानी. जिथे एकेकाळी पुराचं पाणी घोंगावत होतं तिथून बस जाते.

महिन्याभरापूर्वी नाग नदी आणि अंबाझरी अनुभवून गेलेल्या बाईला तिथे काय वाटलं असेल ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या शहरानेही नदीपायी माणसं गमावली, घरं गमावली. मग पिढ्यानपिढ्या त्या एका प्रश्नावर काम केलं, आणि त्यातून जे उभं राहिलं ते आज त्याचं सगळ्यात मोठं वैभव आहे.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे वर्धा रोडवर आपण गाड्या वर उचलल्या. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटर, गिनीज बुकात नोंद. त्या बांधकामाचं मला मनापासून कौतुक आहे. पण खालून रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यात काय मिळालं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ग्वानाहुआतोने बऱ्याचशा गाड्या खाली घातल्या आणि वरचं मधलं शहर चालणाऱ्यांच्या हवाली केलं. सगळ्याच गाड्या खाली गेल्यात असं नाही, वरही काही रस्ते चालू आहेत. पण गावाचा जीव पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात आहे आणि माझं प्रेम जडलं ते इथे.

संध्याकाळी अख्खं गाव बाहेर असतं. १९०३ साली उघडलेलं हुआरेस नाट्यगृह आहे, समोर भक्कम खांबांची रांग, वर कलादेवतांचे पुतळे. त्याच्या पायऱ्यांवर पोरं-पोरी दाटीने बसलेली. विद्यापीठ गावातच असल्यामुळे तरुण मुलं पुष्कळ. जुन्या पद्धतीचे काळे झगे घातलेली वादक मुलं गिटार-मँडोलिन घेऊन गल्ल्यांतून गात निघतात, मागे पन्नास-साठ माणसं, लेकरं, आज्या. कुठल्याशा वळणावर थांबून गोष्ट सांगतात, पुन्हा चाल. आणि माझ्या वयाच्या बायका! रात्री दहाला एकट्या, पर्स मांडीवर ठेवून बाकावर बसलेल्या, उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवर लिंबू-तिखट घालून खात आहेत. कुणी विचारत नाही, बाई, एवढ्या रात्री इथे कशाला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. भाषा येत नव्हती, फार अडलं नाही.

रंगांबद्दल. आम्ही उतरलो होतो ते घर गल्लीत बरंच वर होतं, गल्ली म्हणजे जिनाच. घरमालकीणबाई पत्ता सांगताना रंगावरून सांगायच्या: पिवळ्या घरापाशी वळा, मग निळं, त्याच्या वरचं आपलं. शेजारच्या घराला नवा रंग लागत होता तेव्हा मुलगा, सून, आजी सगळे बाहेर उभे राहून भांडत होते की टरबूजी जास्त गडद झाला. शेवटी आजीचंच खरं झालं. मधल्या भागात श्रीमंतांच्या जुन्या इमारती आहेत, त्या हिरवट-गुलाबी दगडाच्या, त्यांना रंगाची गरज नाही. वर डोंगरावर साध्या माणसांची छोटी घरं, आणि रंग सगळा तिथे. दुपारी तीन-चारच्या उन्हात डोंगरावरच्या पिपिला नावाच्या वीराच्या पुतळ्यापाशी उभं राहून खाली बघा. वर जायला नाट्यगृहाच्या मागून रुळावरचा पाळणा आहे.

आणि झेंडू. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे पितरांचा सण असतो. घराघरांत, दुकानांत, विद्यापीठात वेदी मांडतात: गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या, पाणी, त्याच्या आवडीचं खाणं, आणि झेंडूच झेंडू. हे फूल मूळचं त्यांच्याकडचं. दाराला तोरण लावून मी निघाले होते आणि पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला तेच फूल, तोच उग्र वास. घरमालकीणबाईंनी त्यांच्या नवऱ्याची वेदी मांडली होती. मला म्हणाल्या (भाच्याने सांगितलं), तुझ्याकडचं कुणी असेल तर त्याचाही फोटो ठेव. माझ्या फोनमध्ये बाबांचा फोटो होता. भाच्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. बाबांना संत्रं फार आवडायचं, ते पण ठेवलं.

खूप लिहिलं. प्रश्न असतील तर विचारा, मला या शहराबद्दल बोलायला आवडेल.

तर्रीपोहे (नागपूर)

काकू, काय लिहिलं हो! बाबांच्या फोटोपाशी मी थांबलोच, पुढचं वाचवेना. माझा बाप गेला त्याले दोन वर्षं होऊन राहिली. त्याले पण कोणी असं परक्या घरात जागा दिली असती तर लय बरं वाटलं असतं.

आता खाण्याचं सांगा. तिकडचं तिखट कसं राहते? आपल्या सावजीच्या तोडीचं हाय का?

पायवाट

भाऊ, तुमच्या बाबांना माझा नमस्कार.

मिरची मुळात त्यांचीच हो. तिथूनच पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. भिवापुरी मिरचीचे पूर्वज म्हणा. पण तिखट म्हणाल तर सावजीसारखं डोक्यात जात नाही. ते वाळलेली मिरची भाजतात, भिजवतात, वाटतात. तिखटापेक्षा चव आणि रंग जास्त. खाणकामगारांचं म्हणून एक जेवण तिथे प्रसिद्ध आहे, एन्चिलादास मिनेरास: मक्याची पोळी लाल मिरचीच्या रश्शात बुडवून तव्यावर परतायची, आत चीज नाही तर कोंबडी, वर परतलेले बटाटे-गाजर. दिवसभर खाणीत राबून आलेल्या माणसाचं पोट भरेल असं ताट. इदाल्गो मंडईत खा, १९१० ची लोखंडी छताची इमारत आहे, दुपारी गर्दी असते तेव्हाच जा.

आणि एक सांगते. चिकू, पेरू, सीताफळ, टमाटा, शेंगदाणा, बटाटा, मका, सगळं अमेरिका खंडांतलं. आपल्या उपवासाच्या ताटातलं अर्धं तिकडून आलंय. मंडईत चिकूचा ढीग पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं.

वेगळीवाट

ताई, शाकाहारी माणसाचं काय? आणि व्हिसा? अमरावतीहून आम्ही चौघी मैत्रिणी जायचं म्हणतोय, पण त्या देशाबद्दल बातम्या काही बऱ्या येत नाहीत.

पायवाट

शाकाहारी राहता येतं, मी राहिले. घेवड्याची उसळ सगळीकडे मिळते, पण तिच्यात बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात, म्हणून आधी 'सिन मान्तेका' म्हणून विचारायचं. निवडुंगाची भाजी मिळते, चीजची एन्चिलादा मिळते, फळं भरपूर.

व्हिसा: पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, आम्ही तसेच गेलो. तरी निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा. विमान सिलाओजवळच्या विमानतळावर उतरतं, लेओन आणि ग्वानाहुआतोच्या मधे.

बातम्यांबद्दल खरं तेच लिहिते. ग्वानाहुआतो नावाचं राज्यही आहे, आणि त्या राज्यात टोळ्यांची हिंसा मोठी आहे, सेलाया-इरापुआतोच्या बाजूला विशेष. राजधानीच्या शहरात, मधल्या भागात, मला भीती वाटली नाही. पण शहराबाहेरचा प्रवास दिवसाउजेडी करा, मोठ्या कंपनीच्या बसने करा. भाच्याने आम्हाला हेच बजावलं होतं आणि आम्ही ते पाळलं.

कांद्रीवाला

वडील मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणीत होते. मी स्वतः भूगर्भशास्त्र शिकलो, खाणीतच नोकरी. म्हणून थोडं वेगळं लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.

हे शहर चांदीवर उभं आहे. अठराव्या शतकात जगातल्या चांदीच्या खाणकामाचं ते पहिल्या क्रमांकाचं केंद्र होतं. १९८८ साली युनेस्कोने शहर आणि खाणी मिळूनच जागतिक वारशात घेतल्या. त्यातली एक विहीर, 'नरकाचं तोंड' नावाची, ६०० मीटर खोल आहे. आमच्याकडे यंत्राच्या पिंजऱ्यातून खाली जातात. तिथे त्या काळात खनिज माणसांच्या पाठीवरून वर यायचं. तेनातेरो म्हणायचे त्यांना. हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ १८०३ मध्ये तिथे गेला होता आणि त्याने या ओझेवाल्यांबद्दल लिहून ठेवलं आहे.

वर आल्यावर दगड दळायचा, अंगणात पसरायचा, त्यात पाणी, मीठ, पारा घालून खेचरांकडून तुडवून घ्यायचा. कित्येक आठवडे. पाऱ्यात चांदी उतरते, मग पारा उडवून चांदी वेगळी करतात. हे तंत्र मेक्सिकोतच पाचुका इथे १५५४ साली बसवलं गेलं. दगडाची धूळ माणसाचं काय करते ते आमच्या घराने पाहिलंय. वडिलांचा खोकला मी लहानपणापासून ऐकला.

म्हणून रंगीत घरांचे फोटो पाहिले की पहिला विचार येतो, हे कोणाच्या फुफ्फुसावर बांधलंय.

पायवाट

दादा, वाईट कशाला वाटेल? हे तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला वजन आलं.

मी वालेन्सियानाला गेले होते. शहरापासून वर, डोंगरावर. खाणमालकाने बांधलेलं सान कायेतानोचं चर्च आहे, १७८८ साली पूर्ण झालं. आत तीन वेद्या, छतापर्यंत सोन्याच्या. बघताना श्वास अडकतो आणि त्याच वेळी गळ्यात काहीतरी अडकतं. बाहेर आल्यावर खाणीच्या तोंडाशी गेलो, थोड्या पायऱ्या उतरून आत जाऊ देतात. तेवढ्यातच ओल आणि काळोख अंगावर आला. ओझं घेऊन तो चढ चढणाऱ्या माणसाचा विचार मी तिथे केला, आणि आज तुमच्या वडिलांचाही करते.

त्या शहराने आपल्या खाणकामगाराला विसरलेलं नाही, हे मात्र आवर्जून सांगते. शहराच्या वर, उंच जागी पुतळा आहे तो राजाचा नाही की मालकाचा नाही, पिपिलाचा आहे, खाणकामगाराचा. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला, २८ सप्टेंबर १८१० ला, स्पॅनिश लोक धान्याच्या भल्यामोठ्या कोठारात दडून बसले होते. त्या कोठाराचं नाव आलोंदिगा दे ग्रानादितास. गोळीबार चुकवायला या माणसाने पाठीवर दगडाची फरशी बांधली, मशाल घेऊन सरकत गेला आणि दार पेटवून दिलं, असं सांगतात. खाणीत ओझं वाहून वाहून घडलेली पाठ होती ती. पुढच्या वर्षी बंडाचा पुढारी इदाल्गो आणि त्याच्या तीन साथीदारांची मुंडकी स्पॅनिशांनी त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांना टांगली, १८२१ पर्यंत तिथेच होती. आता तिथे संग्रहालय आहे आणि जिन्यात चावेस मोरादो यांची भित्तिचित्रं. जिन्यावर उभं राहूनच बघायची असतात, घाई करू नका.

जुनी_पाने (महाल, नागपूर)

इतकी चर्चा झाली आणि एक नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो.

ग्वानाहुआतो हे दिएगो रिवेराचं जन्मगाव, १८८६. मेक्सिकोचा थोर भित्तिचित्रकार. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १८८४ साली, आपल्या वर्ध्याला पांडुरंग सदाशिव खानखोजे जन्मले. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज पाठीवर, म्हणून जपान, अमेरिका, इराण, जर्मनी, रशिया असं फिरत १९२४ च्या सुमाराला मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या नव्या वाणांवर काम केलं. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, आणि रिवेरा त्यांचा स्नेही होता. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेराने जी चित्रमालिका काढली, तीत भाकरीच्या चित्रात खानखोजे आहेत. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने त्यांच्या मक्याचे फोटो काढलेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत थोडंफार आलं, पुन्हा सगळं शांत. विदर्भातल्या शाळकरी पोरांना हे नाव माहीत नाही याची मला फार खंत आहे. ताई, तुम्ही रिवेराच्या घरी गेला होतात का?

पायवाट

गेले होते! आणि हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

पोसितोस नावाच्या रस्त्यावर घर आहे. खालच्या मजल्यावर त्या काळचं सामान, पितळी पलंग, पाळणा. वरच्या मजल्यांवर चित्रं. तो लहान असतानाच कुटुंब राजधानीला गेलं. ज्या पोराचे डोळे या डोंगरावर उघडले, त्यानेच पुढे वर्ध्याच्या माणसाला सरकारी भिंतीवर कायमचं बसवलं. उद्या मी हे माझ्या शाळेत फळ्यावर लिहिणार आहे. आठवीचा वर्ग आहे माझ्याकडे.

सज्जा_आणि_छज्जा

मी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपुरातच. दोन मुद्दे.

पहिला: रंग हे पर्यटकांसाठी आहेत असं आमच्याकडे वर्गात सर्रास म्हटलं जातं, जगातल्या सगळ्याच रंगीत शहरांबद्दल. काकूंनी आजीच्या भांडणाचं लिहिलं ते मला जास्त पटलं. पाहुण्यांसाठी रंगवलेल्या घरावर घरातली माणसं इतकी भांडत नाहीत.

दुसरा, काकूंनी नाग नदीचं लिहिलं तिथे मला थांबवावंसं वाटतं. ग्वानाहुआतोची घळ अरुंद आहे, उतार तीव्र, बाजूला कठीण खडक. आपली नाग नदी सपाट शहरातून जाते, तिच्या काठाला जागा आहे. तिला जमिनीखाली घालून वर रस्ता काढायची कल्पना इथे कोणी मांडली तर ती पुराचं पाणी घराघरांत ढकलेल. आपल्याला नदी झाकायची नाही, तिला पसरायला जागा सोडायची आहे. २०२३ ला जे झालं ते पाण्याला वाट अपुरी पडली म्हणूनच. ग्वानाहुआतोकडून नदी गाडण्याची युक्ती उचलू नये एवढंच.

पायवाट

अगदी मान्य. नदी झाकावी असं मला म्हणायचं नव्हतंच, आणि तू ते इतकं स्वच्छ मांडलंस याचा आनंद झाला. मी जे तिथून घेऊन आले ते वेगळं: रस्ता आखताना पहिली जागा चालणाऱ्याची. त्यासाठी बोगदे लागत नाहीत. सीताबर्डीच्या मेन रोडवर संध्याकाळी माणसंच माणसं असतात, महालात, इतवारीत गल्ल्या आहेतच. तिथे बाकं टाका, झाड लावा, गाड्या बाहेर थांबवा. माझ्यासारखी बाई रात्री दहाला तिथे मका खात बसली पाहिजे.

तर्रीपोहे

काकू, महालात तुम्ही बसा, मका मी आणतो. पोट्टे पण घेऊन येतो.

भटक्या_मनोहर

मी मेक्सिको शहरात काही वर्षं होतो. ग्वानाहुआतोपासून दीड तासावर सान मिगेल दे आयेंदे आहे, लोक त्याची जास्त तारीफ करतात. सुंदर आहे, स्वच्छ आहे, पण तिथे परदेशी निवृत्त मंडळी फार, त्यामुळे सगळं महाग आणि थोडं सजवल्यासारखं. ग्वानाहुआतोत विद्यार्थी आहेत, म्हणून ते जिवंत आहे. माझं मत पायवाट यांच्या बाजूने.

ऑक्टोबरात सेर्वांतिनो महोत्सव असतो, १९७२ पासून. विद्यार्थी चौकात स्पॅनिश लेखक सेर्वान्तेसच्या छोट्या नाटिका करायचे, १९५३ पासून, त्यातून तो वाढत गेला. त्या दिवसांत खोल्या खूप आधी धराव्या लागतात. आणि ममी बघितल्या नाहीत? तिथलं संग्रहालय जगप्रसिद्ध आहे. कोरड्या हवेने आपोआप सुकलेले देह, अत्तर-औषध काही नाही.

पायवाट

ममी मी मुद्दाम पाहिल्या नाहीत. थडग्याची पट्टी घरच्यांना भरता आली नाही म्हणून बाहेर काढलेले देह आहेत ते, पहिला १८६५ मध्ये काढला. गरीब माणसांना मेल्यावर काचेत उभं केलेलं मला बघवणार नाही. पितरांच्या सणाला त्याच गावात मी जे पाहिलं, फोटोपुढे वाटीभर पाणी ठेवणारी माणसं, ते मनात ठेवून यावं असं वाटलं. ज्यांना जायचं त्यांनी जावं, हे गेले होते. एक तास काही बोलले नाहीत.

भटक्या_मनोहर

तुमचं म्हणणं समजतं. तरी मला वाटतं, पाहायला हवं. गरिबांचं काय केलं जातं हे लपवून काय होणार? मी पाहिल्यावर त्या गावाबद्दलचं प्रेम कमी झालं नाही, जबाबदार झालं.

कांद्रीवाला

मनोहरजींशी मी सहमत. पण ताईंनी न बघण्यामागे जी जाणीव दाखवली तीही मोलाची.

वडिलांना काल हा धागा वाचून दाखवला. फरशी बांधून दार पेटवणाऱ्याची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, त्याचं नाव काय म्हणालास. मी सांगितलं, पिपिला. म्हणे, पूर्ण नाव सांग, माणसाला पूर्ण नाव असतं.

जुनी_पाने

हुआन होसे दे लोस रेयेस मार्तीनेस. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

सायली_आजी (रामदासपेठ)

किती सुंदर लिहिलं आहेस ग. माझं वय सत्तरच्या पुढे, गुडघे साथ देत नाहीत. सून म्हणते चला, मी म्हणते गल्ली म्हणजे जिना असेल तर मी काय करणार. खरं सांग, माझ्यासारखीने जावं का?

पायवाट

आजी, जा. पण डोंगरावरच्या गल्लीत उतरू नका, आम्ही उतरलो तिथे तर नकोच. घळीच्या तळाशी, हार्दिन दे ला उनियोन या चौकाच्या आसपास खोली घ्या. नाट्यगृह, पिवळी बासिलिका म्हणजे मोठं चर्च, मुख्य रस्ता आणि मंडई तळाच्या भागात आहेत. चढ सौम्य आहे, बाकं जागोजागी. वरून शहर पाहायला रुळाचा पाळणा आहेच, पायऱ्या चढायची गरज नाही. 'चुंबनाची गल्ली' पाहायची असेल, ६८ सेंटीमीटर रुंदीची, तर थोडं चढावं लागतं, सुनेच्या हाताला धरून सावकाश जा. तिसऱ्या पायरीवर जोडप्यांची रांग असते, बाजूने वाट मिळते. वालेन्सियानाला थेट बस जाते.

हवा विरळ असते म्हणून पोचल्यावर आधी विश्रांती, पाणी भरपूर. आपलं नागपूर जेमतेम ३१० मीटरवर, त्यामुळे पहिल्यांदा धाप लागते, मग उतरते. रात्री गार पडतं, शाल लागेल. दगडी फरसबंदीवर सपाट, जाड तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. दगड गुळगुळीत झालेले आहेत आणि पाऊस पडला की निसरडे होतात. पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी यांतला कोणताही काळ धरा. सुनेला माझा निरोप द्या, काही विचारायचं असेल तर तिने इथेच लिहावं.